अटी वाचून मगच 'मान्य' म्हणणारी बाई: पंडिता रमाबाईंची थिऑलॉजी

आजचा भाग एका छोट्याशा क्रूसावरून सुरू करते.

काळ 1880 च्या दशकातला, जागा इंग्लंड. पंचविशीतली एक मराठी विधवा, कडेवर लहान मुलगी, नुकतीच ख्रिस्ती झालेली. वांटेज गावातल्या नन्सच्या मठाने तिला आसरा दिलाय. गळ्यात घालायच्या क्रूसावर अक्षरं कोरायची आहेत, आणि रीतीप्रमाणे ती लॅटिन असणार. ही म्हणते, लॅटिन नको, संस्कृत कोरा. मठातल्या सिस्टर जेराल्डाईन तिच्या धर्ममाता. त्यांना हे काही रुचत नाही. त्यावर हिचा पत्रातून उलटा प्रश्न, की लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतमध्ये नाही? की ब्राह्मण जसे संस्कृतला देवांची भाषा मानतात, तसंच तुमचं लॅटिनबद्दल झालंय? मी संस्कृत धरून बसलेय ती पवित्र भाषा म्हणून नाही, माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून.

ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपल्याला त्या किती भेटतात? शारदा सदन, विधवांसाठी कार्य, संपलं. धर्मांतराबद्दल अर्धं वाक्य, तेही जरा खाकरून. पण त्यांनी बायबल कसं वाचलं, चर्चशी कशावरून भांडल्या, देवाबद्दल नेमका काय विचार केला, म्हणजे ज्याला थिऑलॉजी म्हणतात ते, त्याबद्दल मी तरी वर्गात एक शब्द ऐकला नव्हता. बीटेकला तर प्रश्नच नाही. आजचा भाग त्यावर आहे. समाजसुधारक रमाबाईंवर शंभर व्हिडिओ आहेत, ते बघाच. आपण विचार करणाऱ्या रमाबाईंकडे जाऊ.

(मागे बारीक घरघर ऐकू येत असेल तर ते आमचं खापरखेड्याचं पॉवर स्टेशन आहे. त्याला म्यूट बटण नाही.)

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीच्या रानात गंगामूळला. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे संस्कृत विद्वान. या माणसाने आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी हा एवढा मोठा गुन्हा की त्यांना उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे खुलासा द्यावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. म्हणजे रमाबाईंच्या पहिल्या गुरू त्यांच्या आई होत्या, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पण एक अट होती. पुराणं चालतील, वेद नाहीत. वेद बाईला बंद.

हे कुटुंब गावोगाव, तीर्थातीर्थावर पुराणं सांगत फिरायचं. पुण्य साठवायचं, त्यातून मोक्ष मिळेल ही आशा. मग 1870 च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश फिरत 1878 ला कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी विचारलं, वेद वाचलेत का? बाईने ते वाचायचे नसतात, असं ही म्हणाली. त्यांनी हसून वेदांची प्रतच हातात ठेवली.

आता इथे थोडं थांबू, कारण इथेच सगळं वळतं. पदव्या मिळाल्या, व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली, बायकांचा धर्म काय यावर बोला म्हणून आग्रह होऊ लागला. त्यासाठी रमाबाई धर्मशास्त्रं नीट वाचायला बसल्या. 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की या ग्रंथांचं आपसात जवळपास कशावरच एकमत नव्हतं. एक पुराण हे म्हणतं, दुसरं बरोबर उलटं. मात्र दोन मुद्द्यांवर सगळ्यांचं अगदी एकमत. एक, बाई मुळातच वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही. तिने नवऱ्यालाच देव मानावं आणि पुढच्या जन्माची वाट बघावी. दोन, शूद्रांचंही साधारण तसंच.

विचार करा. ज्या मोक्षासाठी आईवडिलांनी घरदार विकून देशभर पायपीट केली, तो मोक्ष नियमानुसार आईला मिळणारच नव्हता. रमाबाईंची थिऑलॉजी इथून सुरू होते असं मला वाटतं. 'देव आहे का' हा त्यांचा प्रश्न कधी नव्हताच. त्यांचा प्रश्न होता, देवाकडे जायच्या दारावर पहारेकरी कोणी नेमला?

पुढची दोन वर्षं भराभर सांगते, कारण ती तशीच गेली. 1880 ला भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न. ते जातीने शूद्र मानले गेलेले, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार. 1881 ला मुलगी झाली, मनोरमा. 4 फेब्रुवारी 1882 ला पटकीने नवरा गेला. सिलचरच्या त्या छोट्या संसारात नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं, बंगालीतलं. वाचून आवडलं. नवऱ्याला मात्र हे ख्रिस्ती प्रकरण पसंत नव्हतं.

मग पुणे. 1882 ला आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढे साक्ष, आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक. त्या पुस्तकाच्या पैशांतून 1883 ला इंग्लंडची बोट पकडली. जायचं होतं डॉक्टर व्हायला. ऐकू कमी यायचं म्हणून ते राहिलं.

लंडनजवळ फुलहॅमला नन्सचं एक घर होतं. ज्या बायकांना समाज 'पतित' म्हणतो, त्यांच्यासाठी. रमाबाई तिथे गेल्या आणि चक्रावल्या. अशा बाईला घरात घ्यायचं, तिच्याशी मायेने वागायचं, ती बदलू शकते असं मानायचं, हे त्यांनी आपल्याकडच्या कुठल्या शास्त्रात वाचलं नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. परक्या, कमी लेखलेल्या जमातीतली बाई, पाच नवरे झालेली. येशू तिच्याकडे पाणी मागतो, आणि देवाची उपासना अमुक डोंगरावर की यरुशलेमात हा मोठा धर्मप्रश्न तिच्याशी बसून बोलतो. तिच्याशी! रमाबाईंना जे भिडलं ते हे. 29 सप्टेंबर 1883 ला मुलीसह बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट गोड करून सांगायची नाही. त्यांच्यासोबत इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी या बाप्तिस्म्याच्या थोडंच आधी, तिथेच, आत्महत्या केली. परक्या देशात धर्म बदलायला लावतील या भीतीने त्यांना घेरलं होतं. रमाबाईंच्या गौरवगाथांमध्ये हे नाव बरेचदा गाळलं जातं. गाळू नये.

आता खरी मजा. आपण ॲप टाकताना काय करतो? वीस पानी अटी येतात, आपण खाली जातो, 'मान्य आहे' दाबतो. मीही दाबते, आणि मी तर ती ॲप्स बनवणाऱ्यांतली आहे. रमाबाईंनी आधी काही मूळ अटी वाचून मान्य म्हटलं होतं. आत गेल्यावर लक्षात आलं की यादी बरीच लांब आहे. मग त्यांनी एकेक अट काढून विचारायला सुरुवात केली.

सगळ्यात मोठा वाद त्रैक्यावरून. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तीन असून एकच देव, हा ख्रिस्ती धर्माचा पाया मानला जातो. इंग्लंडच्या चर्चमध्ये यासाठी अथानासियन नावाचं एक जुनं श्रद्धासूत्र चालायचं. त्यात हे सगळं काटेकोर लिहून पुढे सांगितलंय की हे जो मानणार नाही त्याचा कायमचा नाश. रमाबाईंचं म्हणणं साधारण असं: मी मान्य केलं ते बायबलमधलं. हे सूत्र बायबलमध्ये कुठे आहे? ते माणसांनी नंतर बनवलं. आणि न मानणाऱ्याचा नाश होईल हे ठरवणारे तुम्ही कोण? येशूच्या कुमारी-जन्मावरही त्यांनी शंका घेतली. सिस्टर जेराल्डाईनला यात अहंकार दिसला. चर्चचा आवाज ऐक, आज्ञाधारक हो, असा त्यांचा धोशा. त्यावर 1885 च्या मे महिन्यातल्या पत्रात रमाबाईंनी कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड महत्प्रयासाने मानेवरून काढलंय, तसंच दुसरं मी आता घालून घेणार नाही. सदसद्विवेक माझा आहे आणि त्याचा जबाबदार धनी देवापुढे मीच.

अजून एक प्रसंग ऐका. चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकायच्या आणि संस्कृत शिकवायच्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील त्यांच्या बाजूच्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही रमाबाईंनी शिकवावं अशी गोष्ट निघाली आणि लाहोर आणि मुंबईचे बिशप मध्ये पडले. बाईने तरुण पुरुषांना शिकवणं बरं दिसत नाही, भारतात परतल्यावर तिचा प्रभाव जाईल वगैरे. रमाबाईंनी बील यांना लिहिलं की मोठं नवल आहे. माझी आई तरुणांना शिकवायची तेव्हा माझ्या वडिलांची हरकत नव्हती, मी शिकवायची तेव्हा नवऱ्याची नव्हती. आणि आता हरकत कोणाची, तर इंग्रजांची!

उडुपीची सभा आणि हे बिशप. हजारो मैलांचं अंतर, धर्म वेगळा, कातडीचा रंग वेगळा, हरकत तीच.

खाण्यावरूनही कटकट झाली. रमाबाई शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंगही खायच्या नाहीत. मठातल्या बायकांना वाटे की हे जातीचं खूळ अजून सुटलेलं नाही. रमाबाईंचं उत्तर सरळ होतं: ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं नाही. आज हे वाक्य सोपं वाटतं. 1884-85 ला, ज्यांच्या घरात राहतोय, ज्यांचं खातोय, त्यांना तोंडावर हे सांगणं सोपं नव्हतं.

हे सगळं आपल्याला कळतं कारण ही पत्रं जपली गेली. जपली कोणी? सिस्टर जेराल्डाईन यांनीच. जिच्याशी आयुष्यभर पटलं नाही तिनेच एकेक कागद सांभाळून ठेवला. 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो संग्रह छापला. पुढे मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे रमाबाई पुन्हा चर्चेत आल्या. ती पत्रं वाचताना मला राहून राहून वाटलं, दोघींपैकी कोणीच खोटी नाही. जेराल्डाईनला खरंच हिच्या आत्म्याची काळजी होती. काळजी आणि ताबा यातली रेष मात्र तिला दिसत नव्हती.

इकडे महाराष्ट्रात धर्मांतरावरून गदारोळ उठलेला. उघडपणे बाजू घेणाऱ्यांत एक मोठं नाव: जोतीराव फुले. 1885 च्या 'सत्सार' मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू मांडली. शास्त्रं वाचून, त्यातला पक्षपात ओळखून एक विदुषी बाहेर पडली, यात चुकलं काय, असा त्यांचा रोख.

1886 ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच अडीच-तीन वर्षं राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, निधी उभारला, परत येऊन 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. हे तुम्हाला माहीत असेल.

1893 च्या वादाबद्दल मात्र बोलायला हवं. सदनात धर्माचा प्रचार होणार नाही असं आश्वासन होतं. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसोबत प्रार्थना करायच्या, दार उघडं ठेवून. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, वीसेक मुलींना पालकांनी काढून नेलं. रमाबाईंचा युक्तिवाद होता की मी कोणाला बोलावत नाही, पण दार लावून घेणार नाही, आणि आलेल्या मुलीला हाकलणारही नाही. मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. ज्या बाईच्या हातात तुमचं जेवण, शिक्षण, छप्पर सगळं आहे, तिचं उघडं दार हे नुसतं उघडं दार नसतं. जेराल्डाईनच्या छपराखाली स्वतः राहिलेल्या रमाबाईंना हे इतर कोणापेक्षाही जास्त कळायला हवं होतं. पण हेही खरं की मुलींना काढून नेणाऱ्यांकडे त्या विधवा मुलींसाठी दुसरी योजना काय होती? बहुतेकींसाठी, परत तेच माजघर.

आता गोष्ट आपल्या भागाकडे वळते. 1896-97 चा दुष्काळ. तेव्हा आपण मध्यप्रांतात होतो, राजधानी नागपूर, आणि दुष्काळाचा मोठा तडाखा या प्रांताला बसला होता. रमाबाई मध्यप्रांतात आल्या. स्वतः उपासमारीत घर गमावलेली ही बाई मदत-छावण्या बघत फिरली, मुलींची काय दशा होतेय, कोण त्यांना कुठे नेतंय ते बघितलं, आणि जवळपास तीनशे मुली-बायकांना सोबत नेलं. पुण्यापलीकडे केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंध मुलींसाठी वर्ग. आणि फुलहॅमची आठवण ठेवून 'कृपासदन', त्याच 'पतित' म्हटलेल्या बायकांसाठी.

या सगळ्या वसाहतीचं नाव त्यांनी ठेवलं 'मुक्ती'. ख्रिस्ती संस्थेला बायबलमधलं एखादं गाव, एखादा संत, काहीही नाव देता आलं असतं. त्यांनी तो शब्द उचलला ज्यासाठी त्यांचे वडील आयुष्यभर चालले आणि जो त्यांच्या आईला नियमाने बंद होता. हे नाव माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात छोटं धर्मशास्त्रीय विधान आहे. दोन अक्षरांचं.

1905 ला केडगावात मोठं पुनरुज्जीवन झालं. शेकडो मुली रात्ररात्र प्रार्थना करत, रडत, मोठ्याने बोलत. बाहेरच्यांना हा गोंधळ वाटला. पण आज जगभर पसरलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिताना अभ्यासक लॉस एंजेलिसच्या 1906 च्या घटनांसोबत केडगावचं नाव घेतात. इथल्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी लिहिलेली पुस्तिका थेट चिलीपर्यंत गेली आणि तिथल्या चळवळीला तिने चालना दिली. दौंडच्या अलीकडचं एक छोटं स्टेशन, दुष्काळातून वाचलेल्या मुली, आणि दक्षिण अमेरिका! पुण्याला जाताना गाडी केडगाववरून जाते. बहुतेक वेळा आपण झोपलेलो असतो.

शेवटचं काम सगळ्यात मोठं. मराठी बायबल होतं की आधीच. कॅरीने श्रीरामपूरहून 1811 लाच नवा करार मराठीत छापला होता, नंतरही भाषांतरं सुधारत गेली. मग रमाबाईंनी अख्खं बायबल पुन्हा का करावं? दोन कारणं. उपलब्ध मराठी जड, संस्कृतने लादलेली. काल अक्षर शिकलेल्या खेड्यातल्या बाईला ती कळेना. दुसरं कारण जास्त खोल आहे. संस्कृत शब्द एकटा येत नाही, स्वतःचं तत्त्वज्ञान घेऊन येतो. उदाहरण माझं आहे: 'मोक्ष' म्हटलं की जन्म-मरणाचा फेरा, कर्म, सगळं मागोमाग आलंच. 'तारण' म्हटलं की बुडणाऱ्याला कोणीतरी हात दिला एवढंच दिसतं. आमच्याकडे लोकलायझेशनच्या कामात हेच होतं. एक शब्द चुकीचा निवडला की वापरणारा भलतंच बटण दाबतो. संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईनेच संस्कृत शब्द वेचून काढावेत, ज्या भाषेसाठी क्रूसावरून भांडली तिचेच, हा विरोधाभास वाटतो. मला तो वाटत नाही. क्रूस तिच्या स्वतःच्या गळ्यातला होता. बायबल दुसऱ्या बायकांच्या हातात जाणार होतं.

त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या इब्री आणि ग्रीक घेऊन बसल्या. काम जवळपास अठरा वर्षं चाललं.

जगात त्याच सुमारास बाकी बायका काय करत होत्या तेही बघा. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांनी एकटीने पूर्ण बायबल भाषांतरित करून 1876 ला छापलं. एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी 1895 आणि 1898 ला 'द वुमन्स बायबल' काढलं, म्हणजे बायबलमधल्या बायकांसंबंधीच्या उताऱ्यांवर सडेतोड टीका. रमाबाईंचा मार्ग तिसरा. ग्रंथावर टीका लिहिण्यापेक्षा ग्रंथच बाईच्या भाषेत आणायचा आणि मधला सांगणारा काढून टाकायचा. स्टँटन वाचणारीला आधीच वाचता येत होतं. रमाबाईंची वाचक दुष्काळातून आलेली होती. तिला आधी 'अ' शिकवायचा होता.

खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्याही केडगावच्याच बायका. म्हणजे इब्री मूळापासून शिवलेल्या पुस्तकापर्यंत सगळं काम बायकांच्या हातून. असं बायबल जगात दुसरं कुठे झालं असेल तर मला बघायला आवडेल.

1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, भाषांतराचं काम हातावेगळं करून. पूर्ण बायबल छापून आलं 1924 ला.

मराठी चर्चमध्ये आज ते वाचलं जात नाही, तिथे बायबल सोसायटीची आवृत्ती चालते. 1989 ला रमाबाईंचं टपाल तिकीट निघालं. केडगावची संस्था अजून चालू आहे, मुली अजून तिथे राहतात, शिकतात.

पुढच्या भागात आनंदीबाई भगत यांच्याबद्दल जे थोडंफार हाती लागतं ते घेऊन येते. भेटू.